कोळंबीची टरफले आणि कुवेतचे पाणी

कुवेतमध्ये नदी नाही, तळे नाही. 1953 सालापासून तो देश समुद्राचे पाणी गोडे करून पितो. म्हणजे कारखान्याने समुद्रात सोडलेली घाण फिरून घरच्या घागरीच्या वाटेवर येते. वाचकहो, आपण मॉरिशसची माणसे. समुद्र नासला तर काय होते, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

सुलैबिया येथे 2004-05 च्या सुमारास शहरी सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रचंड प्रकल्प सुरू झाला. तो कौतुकास्पदच आहे. परंतु कारखान्यांतून येणारे शिसे, कॅडमियम, पारा हे मैल्यासारखे कुजत नाहीत. ते मासळीत साठतात आणि मासळीतून माणसात येतात. कुवेतच्या उपसागरात मीठ-क्लोरीनच्या कारखान्यातून एके काळी पारा गेला होता. जपानमधील मिनामाताची दुर्दशा तर 1956 सालीच जगापुढे आली.

आता गंमत पाहा. कुवेती लोक कोळंबीला रुबयान म्हणतात, भाताबरोबर आवडीने खातात, आणि टरफले फेकून देतात. आपल्या कोकणी स्वयंपाकघरांतही तेच चालते! या टरफलांतील चुना सौम्य आम्लाने आणि प्रथिने कॉस्टिक सोड्याने काढली की कायटिन उरते. ते तीव्र सोड्यात तापवले की कायटोसॅन होते. त्याच्या अंगी नायट्रोजनयुक्त अमाइन गट असतात. पाण्यातील तांबे, शिसे, पारा यांचे कण त्यांना चिकटून बसतात. तपकिरी समुद्रशेवाळातील अल्जिनेटही असेच काम करते.

हा जादूचा मंत्र नव्हे. आम्लयुक्त पाण्यात साधे कायटोसॅन विरघळते, म्हणून रासायनिक जोड देऊन त्याचे टिकाऊ मणी करावे लागतात. शिवाय ते बनवताना वापरलेले आम्ल आणि सोडा गटारात सोडले, तर एक घाण काढून दुसरी घातली असे होईल. धातूंनी भरलेले मणीही कुठेतरी नीट ठेवावे लागतात. आम्लाने धुऊन धातू वेगळा केला, तर तेच मणी पुन्हा वापरता येतात.

तरीही आमचे मत असे की शुऐबासारख्या औद्योगिक भागात प्रत्येक कारखान्याने आपला धातू आपल्या दारातच अडवावा. थोड्या, पण धातूंनी भरलेल्या पाण्यातून तो पकडणे सोपे. साऱ्या समुद्रातून पुन्हा वेचणे कोणालाच परवडणार नाही. आपल्याकडेही कापड रंगवण्याचे पाणी आहे आणि कोळंबीही आहे. मासळीबाजारात टरफलांसाठी वेगळे पिंप ठेवायला आजच काही अडचण नाही. उन्हाने वास सुटण्यापूर्वी ते उचलले मात्र पाहिजे.