मीठ न खाणारा पाहुणा

मागच्या महिन्यात चित्रकलेचे सर रजेवर होते, म्हणून सातवीचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. चित्र काढणे मला अजिबात जमत नाही. तास निभावण्यासाठी मुलांना सांगितले, "खलनायकाचा गुप्त अड्डा काढा आणि खाली मराठीत पाच ओळी लिहा."

वह्या जमा झाल्या तेव्हा हसू आवरेना. डोंगरावर कवटी, कवटीच्या डोळ्यांत लाल दिवे, दारात बंदूकवाले आणि सगळ्यांचा एकसारखा गणवेश. एकाने तर बाण काढून पाटीच लावली होती : 'गुप्त अड्डा. आत येऊ नये.' मी विचारले, "अरे, गुप्त आहे तर पाटी कशाला?" तो शांतपणे म्हणाला, "टीचर, पाटी नसली तर त्याच्या माणसांना सापडणार कसा?"

मुलांचा दोष नाही. सिनेमाने हेच शिकवले आहे. १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या जेम्स बाँडच्या चित्रपटात खलनायक जपानमधल्या विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात राहतो. वर तळ्यासारखे दिसणारे सरकते झाकण, आत रॉकेट उडवण्याची सोय! केन अ‍ॅडम यांनी उभारलेल्या त्या एका सेटवर त्या काळी सुमारे दहा लाख डॉलर खर्च झाले. बाँडपटांतल्या गुप्त संघटनेचे लोक बोटात ऑक्टोपसची अंगठी घालून फिरतात, म्हणजे ओळखपत्रच. आपल्याकडे १९८० च्या 'शान'मध्ये शकालचे बेट, १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'त मोगँबोचे. झगमगीत पोशाख, सिंहासन, सलाम ठोकणारी फौज. एवढ्या फौजेला रोज पीठ, तेल, कांदे कोण पोचवत होते? निदान वाण्याला तरी पत्ता ठाऊक असणारच.

माझे अब्बा इब्ने सफी यांचे चाहते होते. १९५२ पासून निघू लागलेल्या 'जासूसी दुनिया'चे जुने अंक त्यांनी ट्रंकेत जपले होते. ते म्हणायचे, "इमरानला बघ. लोकांसमोर बावळट वागतो. त्याच्याच हाताखालच्या माणसांना कळत नाही की आपला साहेब एक्स-टू हाच आहे. त्यांच्या कचेरीचे नाव काय, तर दानिश मंझिल. एखाद्या वकिलाचा बंगला वाटावा. बेटा, लपणारा असा लपतो."

वह्या तपासताना एका चित्रावर मात्र माझे हसू थांबले. त्यातल्या खलनायकाला लांब दाढी होती, डोळ्यांत सुरमा आणि डोक्यावर टोपी. मी त्या मुलाला जवळ बोलावले. "तुला रोज शाळेत सोडायला कोण येते?" "दादाजान." "ते कसे दिसतात?" तो चित्राकडे बघत राहिला. मग न बोलता खोडरबर घेऊन आला. मी त्याला रागावले नाही. पडद्यावर जे पुन्हा पुन्हा दिसते तेच हात गिरवतो.

तास संपायला दहा मिनिटे होती. मी मुलांना अलीबाबाची गोष्ट सांगितली. फ्रान्सच्या गालाँ यांनी ही गोष्ट १७०९ मध्ये हलबहून आलेल्या हन्ना दियाब यांच्या तोंडून ऐकली होती. खुणांची खरी गंमत तिच्यात आहे. अलीबाबाचे घर लक्षात राहावे म्हणून चोर दारावर पांढऱ्या खडूने खूण करतो. मर्जिना ती बघते आणि शेजारच्या दारांवरही तशीच खूण करून टाकते. दुसरा चोर लाल खडू आणतो, त्याचीही तीच गत. मग सरदार शहाणा होतो. तो खूण करत नाही, घर नीट बघून ठेवतो आणि तेलाचा व्यापारी बनून मुक्कामाला येतो. तो डाव फसल्यावर पुढे अलीबाबाच्या मुलाचा मित्र बनून जेवायला येतो. तेव्हा मर्जिना त्याला कशावरून हेरते? तो म्हणतो, मला बिनमिठाचे जेवण वाढा. ज्याचा जीव घ्यायचा त्याचे मीठ त्याला खायचे नसते.

हे सांगताना मला माझी फूफी आठवत होती. दोन महिन्यांपूर्वी तिला व्हिडिओ कॉल आला. समोर वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायली. "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये गैर माल सापडला आहे. तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. खोलीचे दार लावून घ्या, घरात कोणाला सांगू नका." आजचा शकालही पाटी लावतो, पण पोलीस ठाण्याची! फूफीने उमराहसाठी जमवलेल्या पैशांतले साठ हजार पाठवले. नातवाने दार ठोठावले म्हणून उरलेले वाचले. त्याने लगेच १९३० वर तक्रार नोंदवली. गेलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे फूफी आता कोणाकडे जात नाही. म्हणते, "लोक हसतील, एवढी शिकलेली बाई फसली." तिने परवानगी दिली म्हणूनच हे लिहिते आहे.

फूफी मूर्ख नाही. तिने वर्दी बघितली, बोधचिन्ह बघितले. जे बघायला आपण शिकवले तेच तिने बघितले. आपल्या कायद्यात 'डिजिटल अटक' असे काही नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मिठाची खूण त्या एका वाक्यात होती : "घरात कोणाला सांगू नका."

मी मुलांना तेवढेच फळ्यावर लिहून दिले. जो माणूस तुम्हाला घरच्यांपासून लपवायला सांगतो, तो फोनवरचा साहेब असो, गेममध्ये भेटलेला मित्र असो की ओळखीचा काका, त्याने मीठ नाकारले असे समजा आणि ताबडतोब घरी सांगा.

पण मुलांनी सांगायचे तर ऐकणारे घर हवे. सांगायला आलेल्या मुलाला, किंवा फसलेल्या म्हाताऱ्या माणसाला, आपण पहिला शब्द कोणता बोलतो? "तुला अक्कल नाही का?" हा असेल, तर पुढच्या वेळी दार आतून बंद राहील. येत्या जुम्याला फूफीला मी जेवायला बोलावले आहे. ती यायला तयार झाली आहे.