वीज तोडू नका, मर्यादा घाला

टंचाईच्या दिवसांत घरातल्या विजेवर सरकारने हात ठेवू नये, असे म्हणणे सोपे आहे. पण तो हात तिथे आधीपासूनच आहे. मागणी चढली आणि पुरवठा अपुरा पडला की भार प्रेषण केंद्रातून सूचना येते, उपकेंद्रातला एखादा फीडर बंद होतो आणि त्यावरची सगळी घरे एकदम अंधारात जातात. त्यांतल्या एका घरात दोन एसी चालू असतात, दुसऱ्या घरात तापलेले मूल एका पंख्याखाली झोपलेले असते. शिक्षा दोघांना सारखीच. भारनियमन हे घरगुती वापरावरचे सरकारी नियंत्रणच आहे आणि ते सर्वांत बोथट आहे. त्यामुळे नियंत्रण असावे की नसावे हा वाद मला निरर्थक वाटतो. ते कोणत्या तऱ्हेचे असावे, एवढेच ठरवायचे उरले आहे. टंचाईच्या तासांत प्रत्येक घराला ठराविक विजेची हमी मिळावी, त्यावरच्या वापराला तेवढ्या वेळेपुरती आडकाठी असावी आणि त्या मर्यादेत कोणते बटण दाबायचे हे त्या घरातल्या माणसांनी ठरवावे. स्मार्ट मीटरमुळे हे आता शक्य झाले आहे आणि छत्तीसगडमधल्या भिलाईसारख्या शहरात ते आधी करून पाहायला हवे.

कायद्याला ही कल्पना नवी नाही. 1910 च्या भारतीय वीज कायद्यात 1959 साली 22ब हे कलम आले आणि विजेचे वितरण व वापर नियंत्रित करण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. 2003 च्या वीज कायद्याने तो अधिकार कलम 23 खाली नियामक आयोगाकडे दिला. पुरवठा, वितरण आणि वापर यांचे नियमन करणारा आदेश आयोग काढू शकतो आणि त्यामागचा हेतू कार्यक्षम पुरवठा व न्याय्य वाटप हा असला पाहिजे, असे ते कलम सांगते. हा बदल महत्त्वाचा आहे. मंत्र्याच्या तोंडी सूचनेवर फीडर बंद होणे वेगळे आणि जाहीर सुनावणी घेऊन, कारणे लिहून काढलेला आदेश वेगळा. तशा आदेशाला आव्हान देता येते, तोंडी सूचनेला देता येत नाही.

बोथट नियंत्रणाने काय होते, हे महाराष्ट्राने पुरेपूर भोगले आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. पुढे वीजहानी आणि थकबाकी यांवरून फीडरचे ए पासून जी पर्यंत गट पाडले गेले. ज्या गटात गळती जास्त, त्याला अंधार जास्त. एप्रिल 2022 मध्ये टंचाई परतली तेव्हाही याच गटांवर आधी कुऱ्हाड आली. वसुलीच्या दृष्टीने यात तर्क आहे, हे मान्य करावे लागेल. पण दर महिन्याला बिल भरणाऱ्या शिंप्याने शेजारच्या आकडेबहाद्दराच्या चोरीपायी अंधारात बसायचे, हा न्याय कसला? दुसऱ्या टोकाला 2006 मध्ये पुण्यात निराळा प्रयोग झाला. उद्योगांनी आपापली जनित्रे चालवून ग्रिडवरचा भार हलका केला, त्याचा खर्च शहरातल्या ग्राहकांनी वाढीव आकार भरून उचलला आणि पुणे भारनियमनातून सुटले. पुणेकरांचा त्यात काही दोष नव्हता, पण पैसे मोजता आले त्यांना उजेड आणि बाकीच्यांना अंधार, ही विभागणी त्यातून पक्की झाली.

त्याच काळात महाराष्ट्रातच तिसरा मार्गही चालून पाहिला गेला आणि त्याची आठवण फार थोडे लोक काढतात. अक्षय प्रकाश योजनेत गावाने सामूहिक शब्द द्यायचा होता की संध्याकाळच्या चढत्या मागणीच्या वेळी मोटारी आणि जड उपकरणे लावायची नाहीत, दिवे, पंखे आणि टीव्ही एवढेच चालवायचे. बदल्यात त्या वेळी गावाची वीज जाणार नव्हती. अनेक गावांनी हा शब्द पाळून दाखवला. तेव्हा मीटरला मर्यादा घालता येत नव्हती, म्हणून पहारा शेजाऱ्यांनाच करावा लागे. कुणाच्या घरात शेगडी पेटली यावरून भांडणे होणे त्यात अटळच होते. तरीही सगळे बंद करण्यापेक्षा सगळ्यांना थोडे द्यावे, हे तत्त्व आपल्या गावांनी कुठल्याही यंत्राशिवाय मान्य केले होते.

हे देशपातळीवर कसे करता येते, हे ब्राझीलने 2001 मध्ये दाखवले. त्या देशाची वीज बहुतांशी जलविद्युत. पाऊस हुकला, धरणे तळाला गेली. सरकारने 1 जून 2001 पासून शिधावाटप लागू केले. घरांना आदल्या वर्षीच्या वापराच्या 80 टक्के एवढा कोटा दिला. महिन्याला 100 युनिटपर्यंत वापरणारी गरीब घरे यातून वगळली. कोट्यापेक्षा कमी वापरणाऱ्या छोट्या ग्राहकांना बक्षीस, जास्त वापरणाऱ्या मोठ्या ग्राहकांना अधिभार. फेब्रुवारी 2002 अखेर हे नियंत्रण उठले, तोवर वापर सुमारे पाचव्या हिश्शाने घटला होता आणि फीडर बंद करण्याची पाळी आली नव्हती. लोकांनी दिवे बदलले, जादा फ्रीज बंद केले. त्यात एक खोट मात्र होती. कोटा मागच्या वापरावर ठरल्यामुळे आधीपासून काटकसर करणाऱ्याला आणखी काटकसर करावी लागली आणि उधळ्याला 80 टक्के उधळण करायची मुभा राहिली. म्हणून घर लहान असो की मोठे, मर्यादा सर्वांना एकच हवी. रेशनच्या दुकानात बंगल्याकडे बघून साखर जास्त मिळत नसे.

आता भिलाईतल्या मे महिन्याची संध्याकाळ घ्या. पारा दिवसा 44-45 अंशांवर गेलेला, भिंती अजून तापलेल्या. समजा त्या तासांत प्रत्येक घराला एक किलोवॅटची मर्यादा आहे. चार पंख्यांना 300 वॅट, कूलरला 200, फ्रीजला 150, टीव्हीला 100, एलईडी दिव्यांना 50. बेरीज 800. म्हणजे शहरातली बहुसंख्य घरे त्या मर्यादेत जशीच्या तशी चालतात. पाणी भरायला अर्ध्या अश्वशक्तीचा टुल्लू पंप लावायचा झाला तर तेवढा वेळ कूलर आणि टीव्ही बंद ठेवावा लागेल. दीड टनाचा एसी मात्र एकटाच दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतो, तो त्या तासांत चालणार नाही. हजार घरांच्या फीडरवर दोनशे घरांत असा एकेक एसी चालू असेल तर तेवढ्यानेच 300 किलोवॅट मोकळे होतात आणि उरलेल्या आठशे घरांना कळतही नाही. मर्यादा ओलांडली की स्मार्ट मीटर पुरवठा तोडतो, भार उतरवला की पुन्हा जोडतो. आज हीच सोय थकबाकीदाराची वीज दुरून बंद करण्यासाठी वापरली जाते, म्हणून लोकांना या मीटरचा राग आहे. त्या यंत्राने पहिल्यांदा ग्राहकाच्या बाजूने काहीतरी करावे, असे मला मनापासून वाटते.

यावर छत्तीसगडमधला पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. कोळसा आमचा, धूर आमचा, मग टंचाई आम्ही का सोसायची? कोरबाची आणि सीपतची केंद्रे मिळून एनटीपीसीची साडेपाच हजार मेगावॅटहून अधिक क्षमता या राज्यात आहे. रायगडहून तमिळनाडूतील पुगलूरला आणि चांप्याहून हरयाणातील कुरुक्षेत्राला 800 किलोव्होल्टच्या वाहिन्या वीज घेऊन जातात. ही तक्रार खोटी नाही. पण ग्रिड एकच आहे आणि टंचाई आली की ती इथेही पोचते, फक्त वेगळ्या रूपात. 2022 च्या उन्हाळ्यात देशाची मागणी 2 लाख 7 हजार मेगावॅटवर गेली. कोळशाच्या मालगाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने कितीतरी प्रवासी गाड्या रद्द केल्या आणि त्याचा फटका बिलासपूर, रायपूर, दुर्गच्या प्रवाशांना बसला. वीजकेंद्रांना प्राधान्य म्हणून इथल्या कारखान्यांचा कोळसा आटला. 30 मे 2024 रोजी मागणी अडीच लाख मेगावॅटवर पोचली. दुपारची वाढीव गरज आता बरीचशी सौर वीज भागवते, अडचण सूर्य मावळल्यावर येते. ती दिवसातल्या थोड्याच तासांची असते, म्हणून उपायही तेवढ्याच तासांचा पुरेसा आहे.

राज्याच्या स्वतःच्या धोरणाने या तासांकडे कधी पाहिलेच नाही. 1 मार्च 2019 पासून छत्तीसगडमध्ये 400 युनिटपर्यंतचे बिल निम्मे झाले. ऑगस्ट 2025 मध्ये ती सीमा 100 युनिटवर आणली गेली आणि डिसेंबरपासून 200 वर नेली गेली. या ओढाताणीत सारा वाद महिन्याच्या युनिटांचा होता. दुपारी दोन वाजता वापरलेले युनिट आणि रात्री नऊला वापरलेले युनिट सवलतीला सारखेच. टंचाईचा प्रश्न मात्र रात्री नऊचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देशात घरांचा वाटा एकूण विजेच्या सुमारे चतुर्थांश, उद्योगांचा त्याहून बराच मोठा. मग घरांनाच का पिळायचे? उत्तर असे की पाळी आधी इतरांची लागली पाहिजे: जाहिरातींचे फलक, मॉल, सरकारी कार्यालयांतले एसी, मग ज्यांना भार हलवता येतो ते उद्योग. भिलाईच्या पोलाद कारखान्यासारख्या ठिकाणी सरसकट वीज तोडणे मात्र आत्मघाताचे आहे. धमनभट्टी आणि कोक ओव्हन दिवा मालवावा तसे बंद करता येत नाहीत. 1959 मध्ये पहिली भट्टी पेटली तेव्हापासून या शहराला ते ठाऊक आहे. कारखान्यामागे स्वतःची वीजकेंद्रे आहेत, एनटीपीसी आणि सेल यांच्या संयुक्त कंपनीचे 500 मेगावॅटचे केंद्र आहे. पण संध्याकाळची वाढ मुख्यतः घरांमुळे होते, हेही खरे आहे. ती बाजू सोडून उरलेल्यांवर भार टाकला तर शेवटी फीडरच बंद होतात आणि ते पहिल्यांदा कुणाचे होतात हे आपण पाहिलेच आहे.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी एसीचे तापमान 20 ते 28 अंशांच्या बाहेर जाऊ नये, अशी तजवीज करण्याचा विचार मांडला, तेव्हा हा सूर उमटला आणि मला तो रास्त वाटतो. आजारी माणसाला किती गारवा हवा हे दिल्लीतून ठरवता येत नाही. कार्यक्षम यंत्रेच बाजारात येतील हे सरकारने कारखान्याच्या दारात पाहावे. घराच्या दारात आल्यावर त्याने फक्त एकूण वॅट मोजावेत, ते कशावर खर्च झाले हे विचारू नये. त्यासाठी अटी लिहून घ्याव्या लागतील. मर्यादा रोज किती तास आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आदेशातच असावे. ज्या घरात ऑक्सिजन यंत्र चालते किंवा डायलिसिस होते, ते घर आधीच नोंदवून वगळावे. नळाला पाणी येण्याची वेळ टाळावी. मीटरची माहिती पोलिसांना किंवा व्यापाऱ्यांना मिळू नये. आणि मर्यादा पाळणाऱ्याच्या बिलात दिसेल अशी सूट असावी. इन्व्हर्टरवाले यातूनही सुटतील, असे म्हणतात. पण त्या वेळी त्यांचा भार ग्रिडवर नसतो आणि बॅटरी भरायची वेळ दुपारची ठरवली तर त्यातून फायदाच होईल.

भिलाईत या नियमाची खरी कसोटी लागेल, कारण इथे एका शहरात दोन पुरवठादार आहेत. सेक्टरांतल्या क्वार्टरांना कारखान्याचा नगर विद्युत विभाग वीज देतो, रुळांपलीकडे कॅम्प, खुर्सीपार, सुपेला इथे राज्याची वितरण कंपनी. दोन्हींचे दर छत्तीसगड राज्य विद्युत नियामक आयोगच ठरवतो. टंचाईत एका बाजूला पूर्ण उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार असे होऊ द्यायचे नसेल तर एक किलोवॅटचा नियम दोघांवर एकाच आदेशाने बांधला पाहिजे, आणि तोही संकट येण्याआधी. संकटात घाईने काढलेल्या आदेशात वगळायची घरे विसरली जातात. आयोग दरनिश्चितीसाठी जाहीर सुनावणी घेतो आणि तिथे कुणालाही लेखी म्हणणे मांडता येते. पुढच्या सुनावणीत दर किती वाढणार एवढेच विचारून परतू नका. वीज कमी पडेल त्या संध्याकाळी माझ्या घराला किमान किती मिळेल, हे लेखी मागा.