लाइट जाणारच, हे धरून लिहा

धाराशिव जिल्ह्यात लाइट जाते. वळवाच्या पावसात जाते, उन्हाळ्यात जाते, कधी कारण कळतही नाही. भूम-परंड्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. ठाऊक नाही ते इथे सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्यांना. यांचा माल शहरातल्या एसी खोलीत यूपीएसच्या भरवशावर तपासला जातो आणि इथे पत्र्याच्या खोलीत, बॅटरी उतरलेल्या इन्व्हर्टरला जोडून दिला जातो. मग चालता कंटेनर (डॉकर नावाच्या साधनाने वेगळ्या कप्प्यात चालवलेला प्रोग्रॅम) एका क्षणात मरतो, लाइट आल्यावर उठत नाही, आणि फोनवर उत्तर मिळतं, “बंद करून चालू करा.”

हे उत्तर नाही, ही टाळाटाळ आहे.

भूम तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर मी हा प्रकार जवळून पाहिला. सकाळची वेळ, कॅन घेऊन माणसं रांगेत, फॅटचं मशीन सुरू, पण पावती निघेना. रात्री लाइट गेलेली. सर्व्हर चालू झाला, डॉकरही चालू झालं, कंटेनर मात्र उठायचा आणि लगेच पडायचा. पलीकडून रीस्टार्टचा जप सुरूच. लॉग उघडून बघा, असं एकदाही कोणी म्हणालं नाही. उघडला तर एकच ओळ खाली खाली उतरत होती : ‘एचटीटीपीडी (पीआयडी १) ऑलरेडी रनिंग’.

त्या ओळीत सगळं होतं. एचटीटीपीडी म्हणजे अपाचे हा वेब सर्व्हर. अपाचे सुरू होताना आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवतं आणि नीट बंद होताना ती फाइल पुसतं. लाइटच गेली तर पुसणार कोण? फाइल कंटेनरच्या थरात तशीच राहते. रीस्टार्टने ती जात नाही. त्यात कंटेनरमधल्या मुख्य प्रोसेसचा क्रमांक कायम १. जुन्या आवृत्तीचं अपाचे पुन्हा सुरू होताना फाइलीत १ वाचतं, १ क्रमांकाचा प्रोसेस जिवंत आहे का ते बघतं. तो जिवंत असतोच, कारण तो ते स्वतःच! मग कोणीतरी आधीच चालू आहे असं समजून बाहेर पडतं. शंभरदा रीस्टार्ट मारलात तरी शंभरदा हेच होणार. इलाज एका ओळीचा आहे : सुरू होण्याआधी जुनी फाइल पुसा. अपाचेच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये ही ओळ घातलेली आहे. पैसे घेऊन स्वतःची इमेज बनवणाऱ्यांना ती घालावीशी वाटली नाही.

याहून संताप येतो तो पुढच्या पायरीचा. रीस्टार्टने भागलं नाही की हे लोक कंटेनरच उडवतात आणि नवा उभा करतात. चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पण जुन्या कंटेनरबरोबर त्याचे लॉग गेले, आणि व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेरच्या साठ्यात, न ठेवलेला डेटाही गेला. ज्याच्या नोंदी त्यात होत्या, त्याच्या दुधाच्या पगारात तूट आली तर ती भरून कोण देणार? पंचनाम्याआधी प्रेत जाळण्याचा हा प्रकार आहे. कंटेनर मेला की आधी डॉकर इन्स्पेक्ट बघायचं, डॉकर लॉग्ज बघायचे, मग हात लावायचा. एक्झिट कोड १३७ म्हणजे १२८ अधिक ९ : प्रोसेसला सिगकिल, म्हणजे सक्तीने मारणारा सिग्नल, बसला. ‘ओओएमकिल्ड’ खरं दिसलं तर मेमरी संपली होती, आणि तिथे रीस्टार्ट म्हणजे पुढच्या मरणाची तारीख घेणं. तसं नसेल तर डॉकर स्टॉपचाच संशय घ्या. ते आधी सिगटर्म, म्हणजे ‘आवरून बंद हो’ असा सिग्नल, पाठवतं, १० सेकंद थांबतं आणि मग सिगकिल मारतं. अनेक इमेजमध्ये प्रोग्रॅमच्या डोक्यावर शेल बसलेला असतो, तो सिगटर्म खाली पोचवतच नाही. म्हणजे ‘नीट बंद केलं’ असं सांगतात तेव्हाही प्रोग्रॅमचा गळाच दाबलेला असतो.

सगळं खापर विकणाऱ्यांवर फोडून चालणार नाही, हेही मान्य. कर्नलच्या पोटात अडकलेला, ‘डी’ अवस्थेतला प्रोसेस किल मायनस नाइनलाही दाद देत नाही. नेटवर्कवरून फाइली पुरवणारा एनएफएसचा सर्व्हर गायब झाला की हे होऊ शकतं. नेटवर्क इंटरफेस सुटत नाही म्हणून कर्नल वाट बघत बसतो, तेव्हा कधी कधी अख्खं मशीन रीबूट करावंच लागतं. तिथे रीबूट सांगणाऱ्याशी माझं भांडण नाही. पण रीस्टार्ट पॉलिसी न लावणं? डॉकरमध्ये ती मुळात ‘नो’ असते. लाइट आल्यावर कंटेनर आपोआप उठावा असं वाटत असेल तर ‘ऑलवेज’ किंवा ‘अनलेस-स्टॉप्ड’ लिहावं लागतं. हा एक शब्द न लिहिता बिल पाठवणं ही लबाडी आहे.

आणि अचानक मेला तरी सावरेल असा प्रोग्रॅम लिहायचा, हे ज्ञान काही आज उगवलेलं नाही. जॉर्ज कॅन्डिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी २००३ साली ‘क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर’ या निबंधात मांडलं होतं की, प्रोग्रॅम थांबवायचा एकच मार्ग असावा, तो पाडणं. आणि सुरू करायचाही एकच, पडझडीतून सावरणं. डॉकर आलं २०१३ मध्ये. म्हणजे डॉकरच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट.

म्हणून दूध संस्था, पतसंस्था, शाळा, जो कोणी सर्व्हर घेत असेल त्याला माझं सांगणं आहे. डेमोला आलेल्या माणसाला चालू नोंदीच्या मध्यावर भिंतीतला प्लग उपटायला लावा. परत लावल्यावर, कोणाचा हात न लागता, कंटेनर उठला आणि आधीच्या नोंदी जागेवर असल्या तर बोलणी पुढे न्या. नाहीतर त्याला चहा पाजा आणि मशीनसकट परत पाठवा.