एकच काम, दोन पगार



विमानाचे तिकीट आपल्यापैकी थोड्यांनीच काढले असेल. तरीही आज आम्ही एका विमान कंपनीची हकिकत सांगणार आहोत, कारण तिच्यात आपल्या घरातलाच प्रश्न आहे.

कंपनीचे नाव 'झून'. फ्रान्समधील एअर फ्रान्सने २०१७ मध्ये ही पोटकंपनी काढली. फ्रेंच भाषेत 'तरुण' या शब्दाच्या उच्चाराजवळ जाणारे नाव, निळा पोषाख, पायात पांढरे बूट. जाहिरात अशी की, ही नव्या पिढीची विमाने! १ डिसेंबर २०१७ पासून पॅरिसहून बार्सिलोना, बर्लिन, लिस्बन व पोर्तो येथे ती उडू लागली. २०१८ मध्ये आपल्या मुंबईलाही आली.

पण गोम वेगळीच होती. विमाने एअर फ्रान्सचीच, वैमानिकही त्यांचेच आणि वैमानिकांचा पगारही जुनाच. त्यांची संघटना बळकट. विमानात जेवणखाण देणारी, प्रवाशांच्या सुरक्षेची जबाबदारी घेणारी मुले-मुली मात्र नव्या कंपनीच्या नावावर भरली. त्यांच्यावरचा खर्च मूळ कंपनीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी. काम तेच, आकाश तेच, फक्त नेमणुकीच्या कागदावरचे नाव निराळे. ही युक्ती कंत्राटी सफाई कामगाराला समजावून सांगावी लागत नाही. तरुण म्हणायचे आणि तरुणांनाच कमी द्यायचे, ही कसली नवी पिढी?

समान कामाला समान वेतन हे तत्त्व बाबासाहेबांच्या संविधानात कलम ३९ मध्ये आहे. तेही मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे ते मागून घ्यावे लागते. फ्रान्समध्येही मागूनच घ्यावे लागले. २०१८ मध्ये एअर फ्रान्सच्या कामगारांनी पगारवाढीसाठी संपामागून संप केले. व्यवस्थापनाने मे महिन्यात आपला प्रस्ताव मतास टाकला; ५५ टक्क्यांहून अधिक नोकरवर्गाने तो फेटाळला आणि समूहाचे प्रमुख जानायाक यांना पायउतार व्हावे लागले.

नव्या व्यवस्थापनाने जानेवारी २०१९ मध्ये झून बंद करण्याचे जाहीर केले. हे नाव ना गिऱ्हाइकांना कळले, ना नोकरांना, अशी कबुलीच दिली. संघटनांशी करार होऊन झूनची मुले-मुली मूळ कंपनीत, मूळ कंपनीच्या अटींवर घेतली गेली. जून २०१९ अखेर झूनचे शेवटचे विमान उतरले. पॅरिसहून मुंबईला येणारे विमान मात्र जुन्या नावाने येतच राहिले.