डबे पाच, दोष एकटीचा



लातूरच्या बैठकीत एका आईने पिशवीतून पाच डबे काढून सतरंजीवर मांडले. बी-सहा जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम, माशाच्या तेलाच्या गोळ्या, पोटातल्या 'चांगल्या जंतूं'ची पावडर, आणखी काय काय. मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न. डब्यांसाठी तिने बचत गटातून कर्ज उचलले होते. मुलाचे दूध बंद, गव्हाची पोळी बंद. "फरक पडला का?" आम्ही विचारले. ती म्हणाली, "नाही बाई. पण मी बंद केलं अन् त्यामुळंच पोरगं बोलायचं राहिलं म्हणले तर?" नांदेडहून आलेल्या दोघीजणी गप्प झाल्या. त्यांच्याही घरी डबे होते.

या 'तर'चाच व्यापार चालतो. 1943 साली लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे वर्णन केले. पुढे ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात आईच्या थंडपणावर ठपका ठेवला. विज्ञानाने तो केव्हाच खोडून काढला, आपल्या घरांनी मात्र नाही. "डोहाळ्यात काय खाल्लंस?" हा प्रश्न आजही सुनेलाच विचारला जातो. पूर्वी आईची माया कमी पडली म्हणत, आता डोस कमी पडला म्हणतात. गुन्हेगार तीच.

पुरावा काय सांगतो? उपलब्ध प्रयोग एकत्र तपासणाऱ्या 'कॉक्रेन'च्या आढाव्यांत बी-सहा व मॅग्नेशियम (2005), गहू-दूध वर्ज्य आहार (2008) आणि ओमेगा-तीन (2011) यांपैकी कशाचीही शिफारस करण्याइतका भरवसा मिळाला नाही. उलट अ आणि ड जीवनसत्त्वे जादा झाली तर शरीरात साठून अपाय करतात. बी-सहाचा मोठा डोस दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंना इजा होते.

याचा अर्थ आहाराकडे बघू नये असा नाही. स्वमग्न मुले अनेकदा दोन-चारच पदार्थ खातात. त्यामुळे लोहाची, ड जीवनसत्त्वाची कमतरता खरोखर होऊ शकते. रक्त तपासावे, कमी असेल ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. त्याने कमतरता भरून निघेल. स्वमग्नता जाणार नाही. दूध परस्पर तोडले तर वाढत्या हाडांचे कॅल्शियम जाते. आणि ज्या ग्लुटेनच्या भीतीपोटी महागडी पिठे विकली जातात, ते आपल्या ज्वारीच्या भाकरीत मुळातच नाही!

अशा पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे नियमाने बंधनकारक आहे. विक्रेता बोट ठेवतो ते मात्र वरच्या हसऱ्या मुलाच्या चित्रावर.

मुलाला खरी गरज आहे ती वाचा-उपचार, व्यवसायोपचार, सामावून घेणारी शाळा आणि वेळ यांची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात लहान मुलांची तपासणी व्हायला हवी. पण किनवट किंवा देवणीच्या बाईने मजुरी बुडवून आठवड्यातून दोनदा जिल्ह्याला यायचे कसे? तालुक्याला उपचारतज्ज्ञ हवा, ही आपली मागणी आहे. दुसरी मागणी घरातली: उपचाराला बापानेही मुलाचे बोट धरून जावे.

त्या बैठकीत आम्ही डबे फेकायला सांगितले नाही. रक्त तपासायला तिच्याबरोबर दोघीजणी गेल्या. तुमच्या गावात अशी आई असेल, तर तिला सल्ला देण्याआधी तिच्यासोबत जा.

– संपादक मंडळ