पिन हलली, बजेट कोलमडलं!

सबमिशनच्या आदल्या रात्री माझ्या लॅपटॉपनं मान टाकली. बॅटरी ११ टक्के, चार्जर लावलेला, तरी चार्जिंगचा दिवा बंद. वायर जरा डावीकडे वाकवली की दिवा लागायचा, हात सोडला की विझायचा. शेवटी वायरीखाली कंपासपेटी सरकवली, वर नोट्सची जाडजूड वही ठेवली आणि टेबलाला धक्का लागणार नाही अशा बेतानं प्रोजेक्ट संपवला. तुमच्यापैकी अनेकांनी हा जुगाड केला असणार!

मी राहते पिरंगुटला. आमच्या मुळशी तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे, लवळ्यात विद्यापीठं आहेत. म्हणजे लॅपटॉपला तोटा नाही. पण पौडच्या पुढे, धरणाकडच्या गावांतल्या मुलांचा लॅपटॉप बिघडला आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायचा म्हटलं, की चांदणी चौक ओलांडून पुण्यात जाणं आलं. येण्याजाण्यात दिवस जातो. त्यात पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे चार्जिंग म्हणजे आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

मीही एक लेक्चर बुडवून सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या माणसानं पिन लावून बघितली आणि सांगितलं, ‘मॅडम, मदरबोर्ड बदलावा लागेल.’ खर्चाचा आकडा लॅपटॉपच्या किमतीच्या जवळपास निम्मा होता. बिघडलं होतं काय, तर नखाएवढं सॉकेट.

घरी परतताना पौड रस्त्यावरच्या एका छोट्या रिपेअरिंगच्या दुकानात सहज डोकावले. तिथल्या दादांनी मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाले, ‘अगं, तुझा जॅक वायरीवर आहे. बोर्डाला हात लावायची गरजच नाही. पार्ट आण, तू स्वतः बसवशील.’

एक जॅक, दोन नशिबं

दादांच्या या एका वाक्यात सगळा प्रश्न आहे. गोल पिनच्या चार्जरचं सॉकेट लॅपटॉपमध्ये दोन पद्धतींनी बसवलेलं असतं. पहिल्या पद्धतीत जॅकला छोटी वायर आणि तिच्या टोकाला कनेक्टर असतो, तो मदरबोर्डवर नुसता खोचलेला असतो. जॅक खराब झाला तर वायरीसकट काढायचा आणि नवा खोचायचा. दुसऱ्या पद्धतीत जॅक थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. तो काढायचा तर जुनं सोल्डर वितळवावं लागतं. बोर्डातले तांब्याचे थर उष्णता शोषून घेतात, त्यामुळे साध्या सोल्डरिंग गनचं काम नसतं. जास्त तापवलं तर बोर्डच जातो.

टाइप-सी पोर्ट तर आणखी नाजूक. त्यात २४ बारीक संपर्कबिंदू असतात आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये तो बोर्डवरच सोल्डर केलेला असतो. काही मॉडेलमध्ये मात्र तो वेगळ्या छोट्या पट्टीवर देतात. पट्टी बदलली की काम झालं.

म्हणजे वायरीला पाय अडकून लॅपटॉपला हिसका बसला, तर तुमचा खर्च किती होणार हे कारखान्यात डिझाइन करताना आधीच ठरलेलं असतं. लॅपटॉप घेताना ते आपल्याला कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

घरी काय जमतं?

आधी आजार नेमका कुठे आहे ते शोधा. त्याच मॉडेलचा मित्राचा चार्जर लावून बघा, कित्येकदा दोष अ‍ॅडॅप्टरच्या वायरीतच निघतो. टाइप-सी असेल तर लॅपटॉप बंद करून पोर्टमध्ये बॅगेतली धूळ-कापूस अडकलाय का पाहा. सुई-टाचणी घालू नका, लाकडी टूथपिकनं हळूच काढा. पिन हलवल्यावर दिवा लागत-विझत असेल, सॉकेट गरम होत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र वापर थांबवा. सैल जोडात ठिणगी पडते, प्लॅस्टिक वितळतं आणि शंभराच्या कामाचं हजारांचं होतं. माझा कंपासपेटीचा जुगाड म्हणजे तोच धोका होता, हे मला नंतर कळलं.

जॅक वायरीवर असेल तर काम खरंच घरचं आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचे स्क्रू सोडवून क्रमानं कागदावर ठेवा, कारण सगळ्यांची लांबी सारखी नसते. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. जुन्या वायरीवरचा पार्ट नंबर टिपून घ्या. कारण बाहेरून सारखे दिसणारे जॅक आतून वेगळे असतात. काही कंपन्यांच्या पिनमधली मधली काडी वीज नेत नाही, चार्जर ओळखण्याचा सिग्नल देते. चुकीचा पार्ट बसवला तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. मी पुण्यात तपकीर गल्लीत दोन-तीन दुकानं पालथी घालून पार्ट मिळवला. किंमत म्हणाल तर एक सिनेमा आणि पॉपकॉर्न. बसवायला अर्धा तास लागला, त्यातला बराच वेळ पडलेला स्क्रू शोधण्यात गेला.

जॅक बोर्डवर असेल तर यूट्यूब बघून पहिला प्रयोग स्वतःच्या लॅपटॉपवर करू नका, जाणकार कारागिराकडे द्या. बॅटरी फुगलेली दिसली तर झाकण तिथंच बंद. आणि वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी तिच्या अटी वाचा.

कागदावरचा हक्क

आता मोठा प्रश्न. पार्ट मिळत असताना ‘बोर्ड बदला’ असं का सांगितलं जातं? अनेक अधिकृत सेंटरमध्ये बोर्डवरचा सुटा भाग दुरुस्त करायची पद्धतच नाही, अख्खा बोर्ड बदलला जातो. दुसरीकडे पौड रस्त्यावरच्या दादांसारख्या कारागिरांकडे कसब आहे, पण कंपनीचं मॅन्युअल नाही, सर्किटचा आराखडा नाही, खात्रीचा सुटा भाग नाही. कंपन्या सुरक्षिततेचं आणि नकली पार्टचं कारण देतात. ते खोटं नाही. पण अस्सल पार्ट खुल्या बाजारात आलाच नाही, तर माणूस नकलीकडेच वळणार ना?

गाड्यांच्या बाबतीत हा वाद आधीच होऊन गेलाय. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता.

इलेक्ट्रॉनिक्सकडे सरकार वळलं ते २०२२ मध्ये. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलैमध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. पुढचं पाऊल म्हणजे ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’, अर्थात वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण. भरत खेरा समितीनं मे २०२५ मध्ये त्याचा अहवाल दिला. वस्तू उघडायला किती सोपी, पार्ट किती दिवसांत मिळतात, माहिती आणि हत्यारं उपलब्ध आहेत का, अशा निकषांवर गुण द्यायचे आणि ते दुकानात, ऑनलाइन आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दाखवायचे, अशी शिफारस आहे. महत्त्वाच्या भागांच्या यादीत चार्जिंग पोर्टही आहे.

मेख अशी, की सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करायची आहे. लॅपटॉप पहिल्या यादीत नाही. फ्रान्सनं २०२१ मध्ये असे गुण सक्तीचे केले तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होते. आपल्याकडे मोबाइल दोन-तीन वर्षांत बदलणारा विद्यार्थीही लॅपटॉप डिग्री संपेपर्यंत आणि शक्य झालं तर पहिल्या नोकरीपर्यंत ओढतो. त्यामुळे आपल्याला खरी गरज लॅपटॉपच्या गुणांची आहे.

‘पण आता सगळंच टाइप-सी होणार, मग प्रश्नच मिटला,’ असं काही जण म्हणतील. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलला आणि २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपलाही टाइप-सीची सक्ती ठेवली. त्यानं चार्जरचा कचरा कमी होईल, रूममेटचा चार्जर चालेल, हे खरंच. पण तो एकच पोर्ट बोर्डवर सोल्डर केलेला असेल, तर तो तुटल्यावर आपण पुन्हा ‘बोर्ड बदला’पाशीच येणार. चार्जर एक करण्याबरोबर पोर्ट सुटा करायचा नियमही हवा.

नियम येईल तेव्हा येईल. तोवर लॅपटॉप घेताना रॅम आणि प्रोसेसरच्या जोडीला आणखी तीन गोष्टी विचारा. चार्जिंगचा पोर्ट सुटा आहे की बोर्डवर? पार्ट भारतात मिळतो का? दुरुस्तीचं मॅन्युअल कंपनीच्या वेबसाइटवर आहे का? काही कंपन्या ते खुलं ठेवतात, खरेदीआधी उघडून बघा. आणि सर्व्हिस सेंटरनं बोर्ड बदलायला सांगितलं, तर नेमकं काय बिघडलंय ते लेखी मागा.

दुकानदार पहिल्यांदा तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल. माझ्याकडेही बघितलं होतं. पण दहा जणांनी तोच प्रश्न विचारला, तर अकराव्यासाठी उत्तर तयार असेल.