कंपनीची दावत एक, दस्तरखान दोन

हंगाम आटोपला की कापड कंपन्यांच्या स्कीमा निघतात. पूर्वी ठरावीक गाठी उचलल्या की भिंतीवरचे घड्याळ मिळे, त्याहून जास्त उचलल्या तर टेबलफॅन, आणि एखाद्या नशीबवानाला स्कूटर. पुढे बँकॉक-पटाया निघाले. अलीकडे जहाजाची सफर आली आहे. "एवढा टर्नओव्हर करा आणि क्रूझवर चला" असे रंगीत कागद आमच्या कामरगावसारख्या ठिकाणीही येऊन पडतात. इथून समुद्र पाहायचा तर आधी बडनेरा किंवा मूर्तिजापूर गाठावे लागते आणि मग एक अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. तेव्हा जहाजाचे नाव ऐकून माणूस हरखतो. मीही हरखलो होतो.

अशा सफरीवर जाणाऱ्या व्यापारी बांधवांनी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी, म्हणून हे लिहीत आहे. खोली किती मोठी, खिडकी आहे की नाही, हे सर्वच विचारतात. आपल्यासोबत आलेला माणूस जहाजावर आपल्यासोबत जेवू शकेल का, हे कोणी विचारीत नाही.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या जहाजांवर खोल्यांचे दर्जे असतात. सर्वांत स्वस्त ती बिनखिडकीची, त्यावर खिडकीची, त्यावर गॅलरीची आणि सर्वांत वर स्वीट. जेवणाचा मुख्य हॉल तिकिटातच धरलेला असतो आणि तो सर्वांना खुला असतो. पण बऱ्याच मोठ्या जहाजांवर स्वीटवाल्यांसाठी एक लहानसे वेगळे रेस्टॉरंट ठेवलेले असते. खोलीचे जे कार्ड मिळते तेच त्याच्या दाराशी दाखवावे लागते. कार्ड स्वीटचे नसेल तर आत प्रवेश नाही. मग तो आत बसलेल्याचा सख्खा भाऊ का असेना.

२०२४ सालच्या जानेवारीत एका कापड कंपनीने आम्हा विदर्भातल्या दुकानदारांना सिंगापूरहून तीन रात्रींच्या सफरीवर नेले. माझ्या पत्रावर "सूट" असे लिहिलेले होते. आपल्या धंद्यात सूट म्हणजे वटाव. मला वाटले, तिकिटात काही टक्के सवलत मिळाली. जहाजावर चढल्यावर कळले की आम्हा पाच डीलरांना स्वीट आहे आणि बाकी तीस-बत्तीस लोक खालच्या मजल्यांवर बिनखिडकीच्या खोल्यांत दोघे-दोघे आहेत.

त्या खालच्यांत आमचा धनजचा दुकानदार होता. आम्ही दोघांनी तीस वर्षे सुरतेच्या वाऱ्या केल्या. बडनेऱ्याहून अहमदाबाद एक्स्प्रेस धरायची, वरचे दोन बर्थ घ्यायचे, आणि भुसावळच्या आत एकच डबा दोघांनी उघडायचा. त्याची ज्वारीची भाकर आणि ठेचा, माझ्या घरची बेसनाची वडी. त्याचे दुकान लहान. त्याचा माल माझ्या बिलातून जातो. म्हणजे ज्या टर्नओव्हरवर मला स्वीट मिळाली, त्यात त्याची खरेदी धरलेली होती. हे त्यालाही ठाऊक होते, पण तो बोलला नाही.

पहिल्या रात्री मी त्याला म्हटले, "भाऊ, चला जेवायला." तो नवा सदरा घालून आला. दाराशी उभ्या असलेल्या मुलीने माझे कार्ड पाहिले, घरच्यांचे पाहिले, त्याचे पाहिले आणि अगदी अदबीने हात आडवा केला. मी सांगितले, माझा मेहमान आहे, पैसे लागत असतील तर माझ्या खात्यावर लिहा. ती म्हणाली, नियम नाही. आत कंपनीचे विक्रीप्रमुख बाकीच्या चौघांसोबत बसले होते. त्यांनी हात करून मला बोलावले. तेवढ्यात भाऊच म्हणाला, "भाई, तुमी घ्या जेवून. मी पायतो खाली." आणि तो जिन्याकडे वळलासुद्धा.

मी आत गेलो. हे लिहायला बरे वाटत नाही, पण गेलो. टेबलावर पुढच्या हंगामाचे दर निघाले होते, उधारीचे दिवस पंचेचाळीसवरून साठ करायची बोलणी चालली होती, आणि तिथून उठावेसे वाटले नाही. मांसाची खात्री नसल्याने मी पहिल्यापासून दाळ-भाजीच मागितली होती. दुसऱ्या दिवशी भाऊला विचारले, काल काय खाल्ले? तो म्हणाला, पिवळी दाळ, भात, पनीर. मीही तेच खाल्ले होते. बहुतेक एकाच भटारखान्यातून आलेले असेल. खोलीकडे परतताना घरच्यांनी एवढेच विचारले, "भाऊ को अकेला भेज दिया?"

आता यात दोष कोणाचा? माझा पहिला राग जहाजावर होता. घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा तो राग टिकला नाही. स्वीटचे भाडे साध्या खोलीच्या कैक पट असते. त्या भाड्यात जहाजवाला जागा विकतो, तशी शांतताही विकतो. त्या लहान हॉलात खुर्च्या मोजून ठेवलेल्या असतात, स्वीटच्या संख्येच्या हिशेबाने. प्रत्येकाने दोन-दोन मेहमान आणले तर ज्याने पैसे भरले तोच दाराशी ताटकळेल. आपणही एका गिऱ्हाइकाला विकलेल्या थानातून दुसऱ्याला मीटरभर फाडून देत नाही.

शिवाय ही रीत जहाजांना नवी नाही. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचे जेवणाचे हॉल वेगवेगळे होते. पुढे विमाने आली, प्रवासी जहाजांचा काळ संपला आणि सहलीची जहाजे निघाली. त्यांत बहुतेक ठिकाणी वर्ग मोडले. खोली लहान-मोठी असली तरी रात्री सर्व एका हॉलात, फार तर दोन पंगतींत. इंग्रजांच्या क्युनार्ड कंपनीने मात्र जुना फरक राखला. तिच्या क्वीन मेरी २ या जहाजावर, जे २००४ मध्ये सुरू झाले, खोलीच्या दर्जाप्रमाणे क्वीन्स ग्रिल, प्रिन्सेस ग्रिल आणि ब्रिटानिया असे वेगळे हॉल आहेत. मग बाकीच्यांच्याही लक्षात आले की वेगळेपणाला गिऱ्हाईक आहे. एमएससी कंपनीने २००८ मध्ये फँटासिया जहाजावर यॉट क्लब काढला. म्हणजे जहाजातच एक दुसरे जहाज, त्याचे जेवण वेगळे आणि बसायची जागाही वेगळी. नॉर्वेजियनने हेवन काढले. सेलिब्रिटीने २०१५ मध्ये स्वीटवाल्यांसाठी ल्युमिने नावाचे रेस्टॉरंट सुरू केले. मोडलेले वर्ग अशा रीतीने नव्या नावाने परत आले. मेहमानाबाबत सगळ्यांचे नियम सारखे नसतात आणि ते बदलतही राहतात, म्हणून ऐकीव माहितीवर भिस्त ठेवू नये.

आपल्या बांधवांना तर जहाजाचे वर्ग नवे नाहीत. मुंबईहून जेद्दाला हजची जहाजे १९९५ पर्यंत जात होती. मोगल लाइनचे नाव घरोघरी माहीत होते. माझे दादा १९६३ साली डेकच्या तिकिटावर हजला गेले. ते सांगत, यलमलमच्या समोर जहाज आले की भोंगा वाजे आणि वरच्या वर्गाचे व डेकचे सर्व जण एहरामची दोन पांढरी वस्त्रे नेसून उभे राहत. दादांनी आपले कापड दुकानातल्या लठ्ठ्यातूनच फाडून नेले होते. कोणाचा एहराम कुठल्या वर्गाचा, हे ओळखता येत नसे. मात्र जेवणाची वेळ झाली की वरचे वर आणि खालचे खाली. मी एकदा विचारले, वाईट वाटले का? दादा म्हणाले, वाईट कशाचे? तिकीट आपणच काढले होते.

माझ्या मते सगळा फरक इथे आहे. दादांनी तिकीट काढले होते, दर पाहून, स्वतःच्या पैशाने. आमच्या धनजच्या भाऊने तिकीट काढले नव्हते. त्याला दावत होती. कंपनीच्या पत्रावर मोठ्या अक्षरांत "आपला परिवार" असे छापलेले होते. विकत घेतलेल्या जागेत दर्जा असला तर तो सौदा झाला. दावतीत दर्जा लावला तर तो मेजबानाचा कमीपणा. जहाजवाल्याने खोल्या विकल्या. कोणाला वर आणि कोणाला खाली, ही यादी कंपनीच्या कार्यालयात बसून कोणीतरी तयार केली.

माझे म्हणणे असे नाही की सर्वांना सारखेच द्यावे. जो जास्त माल उचलतो त्याला भाव कमी लागतो, उधारी जास्त मिळते. यात अन्याय नाही, धंदा असाच चालतो. अमरावतीच्या ठोक बाजारात मोठ्या गिऱ्हाइकाला काचेच्या केबिनमध्ये बसवतात. मला पूर्वीची गादी आवडते. पांढरी चादर, चपला बाहेर, आणि चहा आला की बसलेल्या सर्वांना, मग कोणी एक थान घेणारा असो की दहा गाठी घेणारा. पण तो माझ्या वयाचा दोष असेल. मोठ्या डीलरला मोठी खोली द्या, खुशाल द्या. झोपताना कोण कुठे आहे ते कोणी पाहत नाही. जेवताना सर्व पाहतात.

आणि जेवणाचे टेबल हे नुसते जेवणाचे नसते, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? त्या रात्री वर जे दर बोलले गेले ते खालच्या तीस लोकांना पुढे महिनाभर कळले नाहीत. आमच्यातल्या एकाने तर सफरीहून परतताच त्या बातमीवर माल भरून घेतला. खालच्या दुकानदारांना जहाज दिसले, समुद्र दिसला, बाजार दिसला नाही. कंपनीने त्यांचेही तिकीट भरले होते. पण ज्या गोष्टीसाठी व्यापारी घरदार सोडून बाहेर पडतो ती दाराच्या आत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी सहज चौकशी केली तेव्हा एक गोष्ट समजली. खालच्याला वर जाता येत नाही, पण वरच्याला खाली येण्याची मनाई नसते. स्वीटवाला मुख्य हॉलात जेवू शकतो. त्याचा तो हक्कच आहे, वेगळे पैसे लागत नाहीत. म्हणजे पहिल्या रात्रीही मला रस्ता मोकळा होता. पाच पावले मागे वळून भाऊसोबत जिना उतरायचा, बस. मी जहाजाच्या नियमाला दोष देत होतो आणि नियमाने मला अडविलेच नव्हते.

दुसऱ्या रात्री आम्ही दोघे खाली गेलो. तिथल्या व्यवस्थापकाने भाऊच्या टेबलाला दोन खुर्च्या लावून दिल्या. दारव्ह्याचा एक आणि मंगरुळपीरचा एक, असे दोन दुकानदार त्या टेबलावर होते. कापसाचा भाव, लग्नसराई आणि कोणाची किती उधारी बुडाली, याच गप्पा झाल्या. विक्रीप्रमुखांना ते आवडले नसावे. सकाळी त्यांनी विचारले, "काल दिसला नाहीत?" मी म्हटले, खाली होतो. त्यांनी विषय बदलला. साठ दिवसांची उधारी बाकी चौघांना मिळाली, माझे पंचेचाळीसच राहिले. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता सफरींसाठी परदेशीच जावे लागते असेही नाही. मुंबई बंदरातून २०१८ साली आंग्रिया हे जहाज गोव्याला निघाले होते. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे फेऱ्या करू लागले. घरची मंडळी मिळून जाऊ लागली आहेत. मुलगा दुबईला कमावतो, तो अब्बा-अम्मीला चांगली खोली घेतो आणि स्वतः बायको-मुलांना घेऊन साध्या खोलीत राहतो, असेही होते. हेतू चांगला असतो. पण जिथे स्वीटचे जेवण वेगळे असेल तिथे अब्बा-अम्मी वर दोघेच बसतील आणि नातवंडे खाली. एजंटाला आधी विचारा, वेगळ्या खोलीतला माणूस त्या हॉलात चालतो का, पैसे भरून चालतो का, लहान मुलांचे काय. तोंडी "हो-हो, होऊन जाईल" म्हणणाऱ्याकडून लेखी घ्या. जहाज बंदर सोडून गेल्यावर एजंट फोन उचलीत नाही. आणि नाहीच चालत असे उत्तर आले, तर स्वीटच्या पैशात सर्वांना गॅलरीच्या खोल्या मिळतात का, तो हिशेब करून पाहा.

यंदाच्या स्कीमचा कागद गेल्या आठवड्यात आला. त्याच्या मागे मी लिहून पाठविले आहे, की खोली कोणतीही चालेल, पण जेवण सर्व दुकानदारांचे एका हॉलात आहे काय आणि दरांची बोलणी कुठे होणार, ते कळवावे. उत्तर अजून आलेले नाही. धनजच्या भाऊला कागद दाखविला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "भाई, त्याहीले विचारा, पंखा भेटत असंन तर तोच द्या म्हना."